क्लासिक रॉकचे दौरे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

साठ आणि सत्तरच्या दशकांतील रॉक गाण्यांना १९८०च्या दशकात अमेरिकेतील रेडिओ केंद्रांनी ‘क्लासिक रॉक’ हे नाव रूढ केले. ही गाणी ज्यांनी निर्माण केली, त्यांपैकी अनेक जण आज हयात नाहीत आणि जे आहेत त्यांच्यापैकी बरेच जण मंचावरून निवृत्त झाले आहेत. तरीही केवळ या गाण्यांसाठी म्हणून आखलेले दौरे जगभर चालू असतात, त्यांची नाट्यगृहे भरतात, आणि या दौऱ्यांविषयी वाचकांकडून सातत्याने प्रश्न येत असतात. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहे.

प्रश्न : मूळ बँडमधील एकही माणूस मंचावर नसताना पाच-सहा अनोळखी वादक ती गाणी वाजवतात आणि लोक तिकीट काढून ऐकायला जातात. घरी बसून मूळ ध्वनिमुद्रण ऐकण्यापेक्षा त्यात अधिक काय मिळते? ही शेवटी नक्कलच नव्हे का?

उत्तर : आपल्या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे. मूळ कलाकारांनी ही गाणी मंचावर उत्तम रीतीने सादर केली होती आणि आजचे वादक त्याची फिकी प्रत काढत आहेत, असे आपण धरून चालला आहात. इतिहास मात्र निराळा आहे. बीटल्सचेच उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ते पंचावन्न हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे वाजले, तेव्हा गायन पोहोचवण्यासाठी मैदानावरील घोषणांचेच कर्णे वापरले गेले होते आणि कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकू येईल अशी मंचावर कसलीही सोय नव्हती. श्रोत्यांच्या किंकाळ्यांत सूर बुडून जात. ड्रम वाजवणारे रिंगो स्टार पुढच्या तिघांच्या हालचालींवरून गाणे कुठवर आले आहे याचा अंदाज घेत, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. एका वर्षाने, २९ ऑगस्ट १९६६ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये त्यांनी शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम केला आणि दौरे कायमचे थांबवले. त्यामुळे १९६७च्या ‘सार्जंट पेपर्स’ या अल्बममधील गाणी या चौघांनी मिळून श्रोत्यांसमोर कधीच वाजवली नाहीत. ती गाणी आज एखाद्या बँडने नाट्यगृहात सलग वाजवली, तर ती कशाची नक्कल म्हणायची? नक्कल करायला मूळ मैफलच अस्तित्वात नाही.

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडची गोष्ट वेगळी आहे, पण तिचा निष्कर्ष याच दिशेने जातो. ड्रमवादक जॉन बॉनम यांचे सप्टेंबर १९८०मध्ये निधन झाले आणि उरलेल्या तिघांनी त्याच वर्षी बँड बंद केला. त्यानंतर ते काही वेळा थोड्या वेळासाठी एकत्र आले. मात्र पूर्ण लांबीची मैफल एकच झाली, ती १० डिसेंबर २००७ रोजी लंडनच्या ओटू एरिनात, आणि तीत ड्रमवर बॉनम यांचा मुलगा जेसन होता. त्या एका रात्री जे हजर नव्हते, त्यांना ही गाणी जिवंत वाद्यांवर ऐकायची असतील तर इतर कोणाकडून तरी ऐकण्यावाचून पर्याय नाही. बंदिश बांधणारा गेल्यावरही बंदिश गायली जाते आणि आपण गायकाला त्याने ती कशी मांडली यावरून जोखतो. रॉक गाण्यांनाही आता तोच न्याय लावण्याची वेळ आली आहे, असे माझे ठाम मत आहे.

यात सगळे दौरे एका माळेचे मणी नाहीत, हे मात्र ध्यानात घ्यावे. टोरंटोमध्ये २००३ साली सुरू झालेला ‘क्लासिक अल्बम्स लाइव्ह’ हा उपक्रम एक संपूर्ण अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, स्वरास स्वर जुळवून वाजवतो. त्यात वेशभूषा नसते, विग नसतात, मूळ कलाकारांच्या लकबी नसतात. माँट्रियालचा ‘द म्युझिकल बॉक्स’ हा बँड याच्या उलट वाटेने जातो. तो जेनेसिसच्या सत्तरच्या दशकातील कार्यक्रमांची, त्या बँडच्या परवानगीने, पोशाख आणि पडद्यावरील चित्रांसह पुनर्रचना करतो. शिकागोत १९९७मध्ये स्थापन झालेला ‘डार्क स्टार ऑर्केस्ट्रा’ तर ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडच्या एखाद्या जुन्या रात्रीचा गाण्यांचा क्रम जसाच्या तसा उचलतो, पण त्या क्रमातील वादन स्वतःच्या उपजेने करतो आणि कार्यक्रम संपल्यावर ती रात्र कोणती होती हे श्रोत्यांना सांगतो. हे शक्य होते, कारण ग्रेटफुल डेडने श्रोत्यांना आपल्या मैफली ध्वनिमुद्रित करू दिल्या होत्या आणि त्यामुळे कोणत्या रात्री काय वाजले याची तपशीलवार नोंद आज उपलब्ध आहे.

या तिघांपैकी मला शेवटचा मार्ग संगीताच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा वाटतो, कारण मूळ बँडचा प्राण त्याच्या उत्स्फूर्ततेत होता आणि जुन्या रात्रीचे वादन घोटून पाठ केले असते तर नेमका तोच हरवला असता. पिंक फ्लॉइडसारख्या बँडच्या बाबतीत मात्र काटेकोरपणा हाच गुण ठरतो, कारण तिथे प्रत्येक ध्वनीची जागा विचारपूर्वक ठरवलेली आहे. अ‍ॅडलेडमध्ये १९८८ साली सुरू झालेल्या ‘ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शो’ला स्वतः पिंक फ्लॉइडचे गिटारवादक डेव्हिड गिलमोर यांनी १९९६मध्ये आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या समारंभात वाजवायला बोलावले होते, ही त्या काटेकोरपणाला मिळालेली मोठी दाद होय.

सर्वांत अवघड प्रकार म्हणजे एकाच संध्याकाळी दहा-बारा बँडची गाजलेली गाणी सादर करणारा दौरा, आणि दुर्दैवाने हाच प्रकार सर्वांत सोपा समजला जातो. लेड झेपेलिनचे रॉबर्ट प्लांट, क्वीनचे फ्रेडी मर्क्युरी आणि रोलिंग स्टोन्सचे मिक जॅगर यांच्या आवाजांची जात, श्वास घेण्याची पद्धत, शब्द फेकण्याची ढब यांत काहीही साम्य नाही. एकाच गायकाने तिघांचे रूप घेण्याचा प्रयत्न केला की पाचव्या-सहाव्या गाण्यापासून सगळे एकसुरी होऊ लागते. म्हणून अशा दौऱ्याचे तिकीट काढण्यापूर्वी मुख्य गायक किती आहेत हे पाहावे. तीन किंवा अधिक असतील तर आयोजकांनी गाण्यांचा विचार केला आहे असे समजायला हरकत नाही.

प्रश्न : अशा एका कार्यक्रमात मंचावर चारच गायक दिसत होते, पण समूहस्वर वीस-पंचवीस जणांचा असल्यासारखा भरघोस ऐकू येत होता. काही भाग आधी ध्वनिमुद्रित केलेला असावा अशी शंका आली. ही श्रोत्यांची फसवणूक मानावी का?

उत्तर : आपली शंका बहुधा खरी आहे; मात्र फसवणूक हा शब्द वापरण्यापूर्वी त्या गाण्यांची घडण समजून घ्यायला हवी. क्वीनचे १९७५मधील ‘बोहेमियन रॅप्सडी’ घ्या. त्यातील ऑपेराच्या धर्तीचा मधला भाग मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनीच गायला आहे. चोवीस मार्गांच्या (ट्रॅकच्या) फितीवर हेच तीन आवाज पुन्हा पुन्हा एकावर एक चढवून तो प्रचंड समूहस्वर तयार झाला. मंचावर तो उभा करणे तिघांना शक्यच नव्हते, म्हणून त्या भागात क्वीनचे सदस्य मंचावरून आत जात, ध्वनिमुद्रित फीत वाजवली जाई आणि गिटारचा जोरकस भाग सुरू होताना चौघे पुन्हा प्रकाशात येत. ओठ हलवून गाण्याचे सोंग त्यांनी केले नाही. श्रोत्यांना कळत होते की हा भाग मुद्रित आहे, आणि कोणाचीही तक्रार नव्हती.

तेव्हा मुद्रित ध्वनी वापरणे हा दोष नाही, तो लपवणे हा दोष आहे. शिवाय वापरण्याची मर्यादाही पाहावी लागते. पार्श्वभूमीला व्हायोलिनचा समूह, पक्ष्यांचा किंवा घड्याळाचा आवाज, एखाद्या ओळीला जाडी देणारे जादा आवाज इथवर मुद्रण समजण्यासारखे आहे. मुख्य गायन किंवा मुख्य गिटार मुद्रित असेल, तर मात्र मैफलीला जिवंत म्हणण्यात अर्थ उरत नाही.

मुद्रित भाग वापरण्याची खरी किंमत लयीत मोजावी लागते आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. मुद्रित ध्वनीशी जुळवून घेण्यासाठी ड्रमवादकाच्या कानात सतत एक ठोका वाजत असतो. पडद्यावरील चित्रफिती आणि दिव्यांचे बदलही बहुधा त्याच ठोक्याशी बांधलेले असतात. परिणामी श्रोते रंगले आहेत म्हणून एखादा तुकडा चार आवर्तने वाढवता येत नाही, कडव्यानंतर क्षणभर थांबून पुन्हा उसळी मारता येत नाही. सत्तरच्या दशकातील रॉक बँडच्या लयी गाण्याच्या ओघात किंचित मागेपुढे सरकत असत आणि त्या सरकण्यातच पुष्कळशी गोडी होती. ठोक्याला जखडलेले वादन बिनचूक असते, पण त्यात हे सरकणे गमावलेले असते. कार्यक्रमात निदान काही गाणी ठोक्याशिवाय वाजवली जावीत, असा माझा आयोजकांकडे आग्रह राहील.

एक गोष्ट यासंदर्भात सांगण्याजोगी आहे. मंचावर मुद्रित ध्वनी आणणे ही आजची युक्ती नव्हे. साठच्या दशकात इंग्लंडमध्ये तयार होऊ लागलेल्या मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असे आणि त्यावर बासरीचा किंवा व्हायोलिनचा प्रत्यक्ष मुद्रित केलेला स्वर असे. पट्टी दाबून धरली तर तो स्वर सुमारे आठ सेकंद टिके, मग फीत संपे. अनेक प्रसिद्ध रॉक गाण्यांतील तो धूसर, थरथरता तंतुवाद्यांचा आवाज या फितींचा आहे. म्हणून कळफलकवादक आज संगणकीय वाद्यावर तो आवाज काढत असेल, तर त्याला मूळ मार्गापासून ढळलेला मानण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी स्वतः थोडी गिटार वाजवतो. बरीच गाणी मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा खालच्या पट्टीत सादर होतात असे लक्षात आले. गायक कमी ताकदीचे असल्यामुळे असे करतात काय?

उत्तर : पट्टी उतरवणे हे कमकुवतपणाचे लक्षण नाही. ध्वनिमुद्रणगृहात गायकाने उंच स्वर एकदा नीट लावला की काम झाले; दौऱ्यावर तोच स्वर आठवड्यातून चार-पाच रात्री, दोन-दोन तासांच्या गायनात, प्रवासाचा थकवा अंगावर असताना लावायचा असतो. वय वाढल्यावर मूळ गायकांनीही आपली गाणी खाली आणली आहेत. मला उलट असे वाटते की ओरडून वरची पट्टी गाठणाऱ्यापेक्षा अर्धा स्वर खाली येऊन शब्द, सूर आणि भाव नीट सांभाळणारा गायक गाण्याशी अधिक प्रामाणिक असतो.

आपण गिटार वाजवता म्हणून पुढचा तपशील आपल्याला रुचेल. पट्टी उतरवताना वादक नवी बोटे शोधत बसत नाहीत, तर सगळ्या तारा सरसकट अर्ध्या किंवा एका स्वराने उतरवून लावतात. बहुतेक रॉक गाण्यांचा कणा असलेला गिटारचा आवर्ती तुकडा मोकळ्या तारांच्या गुंजनावर उभा असतो; बोटे बदलली की ते गुंजन नाहीसे होते आणि स्वर बरोबर असूनही तुकडा ओळखू येईनासा होतो. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स तर अनेकदा मुळातच अर्धा स्वर खाली लावलेल्या तारांवर वाजवत असत.

शिवाय ध्वनिमुद्रणाची पट्टी ही काही दगडावरची रेघ नव्हे. बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’मध्ये निरनिराळ्या पट्टीत आणि निरनिराळ्या लयीत मुद्रित केलेले दोन भाग फितीची गती कमी-जास्त करून जोडलेले आहेत. त्यामुळे अंतिम गाणे प्रमाण स्वराशी नेमके जुळत नाही आणि ते मंचावर वाजवणाऱ्या प्रत्येक बँडला कोणत्या तरी एका बाजूला झुकावेच लागते.

प्रश्न : लेड झेपेलिनचे ‘स्टेअरवे टू हेवन’ वाजवताना गिटारवादक दोन दांड्यांची गिटार घेतात. तो केवळ देखावा असतो का?

उत्तर : नाही, ती गरज आहे. १९७१च्या मूळ ध्वनिमुद्रणात बँडचे गिटारवादक जिमी पेज यांनी सहा तारांच्या आणि बारा तारांच्या गिटारचे भाग वेगवेगळे मुद्रित केले होते. मंचावर एकाच वादकाला गाणे न थांबवता एका गिटारवरून दुसरीवर जायचे होते, म्हणून त्यांनी गिब्सनची दोन दांड्यांची गिटार घेतली. आजचे वादक त्याच कारणासाठी ती वापरतात.

प्रश्न : या दौऱ्यांतून जो पैसा मिळतो, त्यातील काही भाग मूळ कलाकारांना किंवा त्यांच्या कुटुंबीयांना मिळतो का? आणि अशी गाणी वाजवायला परवानगी कोण देते?

उत्तर : याचे उत्तर ‘मूळ कलाकार’ कोणाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. कायद्याच्या दृष्टीने गाणे, म्हणजे शब्द आणि चाल, ही एक मालमत्ता आहे आणि त्या गाण्याचे विशिष्ट ध्वनिमुद्रण ही दुसरी. मंचावर दुसऱ्या बँडने गाणे वाजवले की पहिली मालमत्ता वापरली जाते, दुसरी नाही. म्हणून रॉयल्टी मिळते ती गीतकार-संगीतकारांना आणि त्यांच्या प्रकाशकांना. ज्या ड्रमवादकाच्या ठेक्यामुळे ते गाणे जगभर ओळखले जाते, त्याचे नाव रचनाकारांत नसेल तर त्याला अशा दौऱ्यातून काहीही मिळत नाही. मला हा नियम मनापासून अन्यायकारक वाटतो. रॉक संगीतात वादकाने ऐन वेळी सुचवलेला तुकडा हा चालीइतकाच गाण्याचा भाग असतो, पण श्रेय नोंदवण्याची पद्धत कागदावर चाल लिहिण्याच्या काळातील राहिली आहे.

परवानगी प्रत्येक रचनाकाराकडे जाऊन मागावी लागत नाही. ब्रिटनमध्ये पीआरएस, अमेरिकेत अ‍ॅस्कॅप आणि बीएमआय, भारतात आयपीआरएस अशा संस्था रचनाकारांच्या वतीने परवाने देतात. पीआरएस आणि अ‍ॅस्कॅप या दोन्ही १९१४मध्ये स्थापन झाल्या. आयपीआरएस १९६९मधील आहे. परवाना बहुधा नाट्यगृह किंवा आयोजक घेतो आणि वाजवलेल्या गाण्यांची यादी संस्थेला कळवली जाते. ब्रिटनमध्ये लोकप्रिय संगीताच्या मैफलींसाठी परवान्याचे शुल्क तिकीटविक्रीच्या सुमारे ४ टक्के असते. गाण्यांची यादी पूर्ण आणि अचूक दिली गेली नाही, तर ती रक्कम योग्य रचनाकारापर्यंत पोहोचत नाही. म्हणून ही वरवर कारकुनी वाटणारी गोष्ट मी महत्त्वाची मानतो.

गाणी एखाद्या कथानकात गुंफून नाट्यरूपाने सादर केली, तर मात्र हा सर्वसाधारण परवाना पुरत नाही आणि हक्कधारकांची स्वतंत्र संमती लागते. मूळ कलाकारांचे रूप आणि ओळख वापरण्याचा प्रश्नही निराळा आहे. ब्रॉडवेवर १९७७मध्ये आलेल्या ‘बीटलमेनिया’ या कार्यक्रमाविरुद्ध बीटल्सची कंपनी अ‍ॅपल कॉर्प्स न्यायालयात गेली आणि १९८६मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. बँडची नावेही ट्रेडमार्क म्हणून नोंदलेली असतात. या दौऱ्यांच्या जाहिरातींत ‘आदरांजली’ (ट्रिब्यूट) हा शब्द ठळक छापलेला असतो आणि मूळ बँडशी संबंध नसल्याचा खुलासाही बहुधा असतो, त्यामागे हे कारण आहे.

प्रश्न : काही वेळा जाहिरातीत मूळ बँडचेच नाव असते, पण मंचावर जुन्यांपैकी एखादाच असतो. मग आदरांजली वाहणारा बँड आणि हा ‘खरा’ बँड यांत फरक काय राहिला?

उत्तर : कायद्याने फरक नावाच्या मालकीचा आहे; संगीतात तो दिवसेंदिवस पुसट होत चालला आहे. जर्नी या बँडचे गिटारवादक नील शॉन यांनी २००७मध्ये इंटरनेटवर फिलिपिन्समधील आर्नेल पिनेडा यांना इतरांची गाणी गाताना ऐकले आणि त्यांना मुख्य गायक म्हणून घेतले. जूडास प्रीस्टमध्ये १९९६ साली आलेले टिम ओवेन्स तर त्याच बँडची गाणी वाजवणाऱ्या एका आदरांजली बँडचे गायक होते. गाण्याचा इतका बारकाईने अभ्यास केलेला दुसरा कोणी त्यांना मिळाला नसता. माझा सल्ला असा की, जाहिरातीवरील नावापेक्षा सध्याच्या वादकांची नावे वाचावीत आणि त्यांच्या अलीकडच्या मैफलीची एखादी चित्रफीत पूर्ण, न तोडता पाहावी.

प्रश्न : दिवंगत गायकाची प्रतिमा प्रकाशाने मंचावर उभी करून केलेल्या दौऱ्यांविषयी आपले मत काय?

उत्तर : रॉनी जेम्स डिओ यांची अशी प्रतिमा २०१६मध्ये जर्मनीतील वाकेन महोत्सवात दाखवली गेली आणि पुढे तिचे दौरेही झाले. मला हा प्रकार पटत नाही. वादक जिवंत असतात, पण गायन आधीच ठरलेले असते. वादकाने काहीही केले तरी गायक त्याला प्रतिसाद देऊ शकत नाही. त्यापेक्षा एखाद्या नवख्या गायकाने ते गाणे स्वतःच्या आवाजात गायलेले मला अधिक आवडेल.

प्रश्न : बारा वर्षांच्या मुलीला अशा मैफलीला न्यायचे आहे. तिला ही गाणी फार आवडतात, पण आवाजाची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

उत्तर : आपली भीती रास्त आहे आणि तिच्यावर उपाय आहेत, म्हणून मुलीला अवश्य न्यावे. रॉक मैफलीत आवाजाचा अतिरेक ही जुनी गोष्ट आहे. द हू या बँडच्या ३१ मे १९७६ रोजी लंडनच्या चार्ल्टन मैदानातील मैफलीत ध्वनिवर्धकांपासून ३२ मीटरवर १२६ डेसिबल इतकी पातळी मोजली गेली होती. त्याच बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी आपल्या बिघडलेल्या श्रवणशक्तीविषयी पुढे उघडपणे सांगितले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये मैफलींसाठी जे निकष जाहीर केले, त्यांत पंधरा मिनिटांची सरासरी पातळी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. ही कमाल मर्यादा आहे, निर्धोक पातळी नव्हे. अमेरिकेतील कामगार आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो आणि दर ३ डेसिबल वाढीमागे ही मुदत निम्मी होते; म्हणजे १०० डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटांवर येते. हा हिशेब प्रौढ कामगारांसाठी आहे, त्यामुळे मुलांच्या बाबतीत त्याहून अधिक सावध राहिलेले बरे.

मुलीसाठी संगीतकार वापरतात तसे गाळणीचे कानबोळे घ्यावेत. स्पंजचे साधे बोळेही कान वाचवतात, पण ते उंच स्वर जास्त दाबतात आणि गाणे रजईखालून आल्यासारखे ऐकू येते. मग मुले ते काढून टाकतात. गाळणीचे बोळे सर्व स्वर बऱ्यापैकी सारख्या प्रमाणात कमी करतात. ते घरीच घालून, मोठ्या आवाजात एखादे गाणे लावून सवय करून घ्यावी. बसायची जागा ध्वनिवर्धकांच्या भिंतीसमोर नको. ध्वनिनियंत्रकाच्या मेजाजवळची जागा मिळाली तर उत्तम, कारण तो ज्या ठिकाणी ऐकून मिश्रण करतो तिथे गाणे सर्वांत समतोल ऐकू येते. मध्यंतरात तिला बाहेर शांत जागी न्यावे. घरी आल्यावर कानात शिटी वाजल्यासारखे होत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर पुढचे काही दिवस मोठा आवाज पूर्ण टाळावा, आणि दुसऱ्या दिवशीही ते थांबले नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.